सतरा क्रमांकाची म्हण

५ नोव्हेंबर १९७३, सोमवार

हेडमास्तर भीमाशंकर सर आज कारखान्यात येऊन गेले. कारखाना म्हणजे भवानी पेठेतले माझे आठ माग. पण सर त्याला ‘तुमची मिल’ म्हणाले, तेव्हाच ओळखलं की गृहस्थाला काहीतरी हवंय. शाळेला पन्नास वर्षं होतात. तीन फेब्रुवारीला सुवर्णमहोत्सव. प्रत्येक वर्गात एक वॉल हँगिंग लावायचं आणि त्यावर एक जुनी मराठी म्हण विणायची. चाळीस वर्ग, चाळीस म्हणी. सरांनी स्वतः क्रमांक घालून वहीत उतरवून आणल्यात. पोरांना आपल्या मातीतलं शहाणपण कळलं पाहिजे, म्हणाले. सरांची स्वतःची दोन्ही पोरं इंग्रजी शाळेत जातात, पण ते मी काढलं नाही.

काम नवं आहे. मोर, देव, ताजमहाल सगळं सोलापूर विणतं. अशी अक्षरं निदान आमच्या पेठेत कोणी विणत नाही. वर सर जाता जाता म्हणाले, "मडिवाळप्पा, महोत्सवाला तुमची खुर्ची व्यासपीठावर." बावीस वर्षं या पेठेत धंदा करतोय आणि लग्नात मला अजून मांडवाच्या खांबाजवळ बसवतात. खुर्ची आवडली. ही वही मीच वाचणार आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

८ नोव्हेंबर, गुरुवार

सरांची वही वाचली. इथे एकही म्हण उतरून घेत नाही. सगळ्यांना पाठच असतात, उगाच शाई कशाला घालवा. क्रमांक पुरे. बायकांच्या तोंडावर तीन, सुनांवर दोन, आंधळ्यावर एक, मग न्हावी, सोनार, कुंभार, ब्राह्मण, मुसलमान. कुणालाही सोडलेलं नाही. सतरावी महारवाड्यावरची. ती ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. जुनी माणसं मोकळ्या मनाची होती, बोलायची आणि विसरून जायची. हल्लीच्यासारखं ऊठसूट कोणाचं मन दुखत नव्हतं.

एकतिसावी परटावरची. ती काढून दुसरी द्या, असं सरांना कळवलंय. लांब आहे, कापडात बसणार नाही.

माझे आजोबा अक्कलकोटला लोकांचे कपडे धुवायचे. पेठेतल्या मराठी लोकांना ते ठाऊक नाही. मडिवाळ म्हणजे परीट, तेव्हा माझं नाव कन्नड माणसाला सगळं सांगतं, मराठी माणसाला ते फक्त उच्चारायला अवघड जातं. त्याचा इथे काही संबंध नाही. लांबीचाच प्रश्न आहे.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

धर्मपालला वही दिली. तो अकरा वर्षं माझ्याकडे नक्षीची कार्डं पाडतो. आधी चौकटीच्या कागदावर चित्र काढायचं. मग एक माणूस ओळीनं चौकटी वाचतो, काळी की पांढरी, आणि दुसरा जाड पुठ्ठ्याच्या कार्डात तशी भोकं पाडतो. एका ओळीचं एक कार्ड. सगळी कार्डं क्रमानं ओवून मागावर चढवली की माग तेच चित्र विणतो. एका म्हणीला तीनशेच्या वर कार्डं लागणार. असा हात सोलापुरात दुसरा नाही, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. आधीच रोज वर्तमानपत्र वाचून डोकं चढलेलं आहे.

२८ नोव्हेंबर, बुधवार

सोळा म्हणी झाल्या. आज सकाळी धर्मपाल सतराव्या पानाशी थांबला.

"मालक, ही आपल्याच्यानं व्हनार न्हाय."

"का? अवघड आहे?"

"अवघड कुटं? लई सोपी हाय."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि हसू आलं. म्हटलं, अरे, जुनी गंमत आहे ही, तुला कोण बोलतंय? न्हाव्याची पाडलीस, आंधळ्याची पाडलीस, तेव्हा काही अडलं नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "व्हय, ते चुकलंच माजं." म्हणजे आता झालेलीसुद्धा नासवतो की काय!

मग त्यानं वहीतली एकतिसावी दाखवली. सरांनी तिच्यावर रेघ मारून खाली दुसरी लिहिलीय, तरी वाचता येते. "ही का काडली, मालक?"

"लांब आहे."

त्यानं बोटं मोजली. "हिच्यात चार शब्द हायती. सतरावीत सात." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंग सतरावीबी लांबच हाय की."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. तो ऐकून घेऊन म्हणाला, "शालन त्या शाळंत हाय, मालक. सरांनी सतरावी सहावी ‘ब’ला लावलीया. तिच्याच वर्गाला."

शालन त्याची बायको. जूनपासून त्या शाळेत शिकवते. त्यांच्या वस्तीतली पहिली मास्तरीण, म्हणून तेव्हा यानं कारखानाभर पेढे वाटले होते. मी माझा पेढा मागावरच्या विणकऱ्याला दिला. गोड मला चालत नाही.

३ डिसेंबर, सोमवार

सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "त्यांचं हल्ली हे असंच चाललंय. वर्गांचे क्रमांक ओळीनं आले, मी मुद्दाम केलं का?" मुद्दाम केलेलं नाही, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. वर नवी कल्पना ऐकवली. रोज सकाळी प्रार्थनेनंतर वर्गातल्या बाईंनी किंवा मास्तरांनी भिंतीवरची म्हण मोठ्यानं म्हणायची आणि पोरांनी मागून म्हणायची. म्हणजे सहावी ‘ब’मध्ये रोज आधी शालनबाई म्हणणार, मग पोरं. "संस्कार असा होतो," सर म्हणाले. मी मान डोलावली. चाळीस म्हणजे चाळीसच हवेत, नाहीतर खुर्चीचं जमणार नाही, हेही त्यांनी हसत हसत ऐकवलं. असे हसणारे लोक मला मुळीच आवडत नाहीत.

धर्मपाल उरलेल्या पाडतोय. सतरावी सोडून.

२७ डिसेंबर, गुरुवार

सतरावी मीच पाडली. धर्मपालशिवाय माझं अडतं असं त्याला वाटत असेल तर वाटू दे. तरुणपणी मीही कार्डं पाडायचो. वीजकपातीमुळे दुपारी माग बंदच असतात, म्हणून सामान घरी आणलं. चौकटी वाचायला कोणी हवं, तर महादेवीला बसवलं. बायकोला कन्नड वाचता येतं, मराठी नाही. पण काळंपांढरं ओळखायला शाळा लागत नाही. सहा दुपारी ती वाचत होती, "एरडु करी, मूरु बिळी," दोन काळ्या, तीन पांढऱ्या, आणि मी पाडत होतो. खरं सांगायचं तर बरं वाटलं. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम असेल.

शेवटचं कार्ड झाल्यावर तिनं विचारलं, "अहो, इतकं वाचलं मी, पण यात लिहिलंय तरी काय?"

कन्नडमध्ये सांगायला तोंड उघडलं. निम्म्यावर येऊन थांबलो. काही गोष्टी त्या त्या भाषेतच गमतीच्या असतात, दुसरीकडे नेल्या की नुसत्याच राहतात. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी म्हटलं, दारात येईल त्याला पाणी द्यावं, असं लिहिलंय. तिला फार आवडलं. बायकांना सगळं सांगत बसायचं नसतं.

६ जानेवारी १९७४, रविवार

सतरावीचे तीन पट नमुना म्हणून काढले. एक अक्षर जरा कललंय, बाकी ठीक. एक कारखान्यात ठेवला, दोन घरी आणले. संध्याकाळी पाहतो तर एक दारासमोरच्या भिंतीवर! महादेवीनं चार खिळे स्वतः ठोकलेले. काढ म्हटलं तर म्हणाली, "आपल्या दोघांच्या हातचं आहे. आणि चांगलं लिहिलंय. का काढू?" जाऊ दे. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना मराठी वाचता येत नाही आणि उरलेले भिंतीकडे बघत नाहीत.

१५ जानेवारी, मंगळवार

पेठ निम्मी रिकामी होती, सगळे गड्ड्याच्या जत्रेला गेलेले. मी आतल्या खोलीत आडवा झालो होतो. दारात शालनबाई. माझ्याशी सतरावीबद्दल बोलायला आली होती, दुसरं काय असणार? मी महादेवीला हातानं खूण केली, नाहीत म्हणून सांग. तिनं खुणेकडे पाहिलंही नाही.

अकरा वर्षं धर्मपाल या घरी येतो तो बाहेरच्या कट्ट्यापर्यंत. त्याचा कप कट्ट्याजवळच्या कोनाड्यात असतो. तसा कोणी नियम केलेला नाही, आपलं चालत आलंय. आणि आज महादेवीनं शालनला सरळ आत बोलावलं. "ये की गं आत, हुबारलीस कशाला?" चटईवर बसवलं, आणि आमच्या रोजच्या तांब्यातलं पाणी आमच्या रोजच्या पेल्यात ओतून दिलं. मी पडल्या जागी उठून बसलो.

मग भिंतीकडे बोट दाखवून तिला आपल्या मोडक्या मराठीत सांगायला लागली, "ह्ये आमी दोगांनी केलंय. आट दीस रोज बगते आनि माजी मलाच लाज वाटती बग. दारात येईल त्याला पानी द्यावं, आसं लिवलंय म्हनं. तुज्या मालकाला आमी भायेरच बसिवतो की गं. व्हय का न्हाय? तू मास्तरीण हायस, जरा वाचून दाव की."

मी दाराआड उभा. शालननं वर पाहिलं. सात शब्द वाचायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ ती पाहत राहिली. धावत जाऊन पट ओरबाडावा असं वाटलं, पण दाराआडच राहिलो.

"होय काकू," ती म्हणाली. "असंच लिहिलंय." आणि पाणी प्याली.

शिक्षिका आहे! इतकं सरळ, पापणी न हलवता खोटं! पोरांना काय शिकवत असेल?

एवढ्यावर भागलं नाही. संक्रांतीचं वाण म्हणून महादेवीनं ट्रंकेतला दुसरा पट काढला आणि तिळगुळाबरोबर तिच्या हातात ठेवला. तुझ्याही भिंतीवर लाव, म्हणाली. शालननं तो दोन्ही हातांनी घेतला, हातात धरूनच महादेवीच्या पाया पडली, आणि निघून गेली. मला भेटायचंय असं म्हणालीच नाही.

संध्याकाळी जेवण गेलं नाही. कालच्या पोळ्यांचं पित्त असावं.

१७ जानेवारी, गुरुवार

पट परत आणायला धर्मपालच्या घरी गेलो. नमुन्याचा माल असा कोणाच्याही घरी राहून चालत नाही, म्हणून गेलो. अकरा वर्षांत त्याचं घर पाहिलं नव्हतं. रस्ता दोनदा विचारावा लागला. दोन खोल्या, माझ्या घरापेक्षा टापटीप. तो कामावर होता. शालन वह्या तपासत होती. पट घडी करून फळीवर ठेवलेला.

"एक अक्षर कललंय," मी म्हणालो. "हा द्या, दुसरा चांगला आणून देतो." बावन्न वर्षांचा माणूस मी, आणि हे म्हणालो.

"अक्षरं बरोबर आहेत, काका. मी सगळी वाचली."

मग मी चिडलो. म्हटलं, वाचली होतीत तर तिच्याशी खोटं का बोललात? मला वाटलं ती म्हणेल, तुमची अब्रू राखली. तसं म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं.

"काकूंनी पाणी दिलं म्हणून," ती म्हणाली. "भिंतीवर लिहिलंय तसं वागायचं, एवढ्या सरळपणे त्यांनी मला आत घेतलं. तेव्हा मी खरं वाचलं असतं तर त्या मेल्याहून मेल्या झाल्या असत्या. तुमच्यासाठी नाही बोलले मी. तुमची मला काही पडलेली नाही." हे सगळं स्वच्छ मराठीत. माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलते, आणि ते तिला माहीत आहे.

मी जुनं पालुपद लावलं. जुनी म्हण आहे, तुमच्याबद्दल नाही, तुम्ही शिकलेल्या. तिनं लाल शाईचं पेन खाली ठेवलं. "माझ्या वर्गात आमच्या वस्तीतली नऊ पोरं आहेत. मी ती म्हण म्हणणार, वर्ग मागून म्हणणार, आणि बाकीची पोरं या नऊजणांकडे वळून हसणार. हसण्यासाठीच केलीय ती. तुम्हाला हे कळत नाही असं नाही. एकतिसावी तुम्ही का काढलीत, ते यांनी तुमच्या नावावरून ओळखलंय. ती काकूंना वाचून दाखवू का?"

"नको," मी म्हणालो. फार पटकन म्हणालो.

ती आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. "घ्या. दारात आलात." पेल्याकडे बघत किती वेळ बसलो कोण जाणे. ती उभीच होती. प्यालो. पट काखेत मारून बाहेर पडलो, आणि घर येईपर्यंत तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. एकही नीट लागू पडली नाही.

घरी महादेवीनं विचारलं, दिलेलं वाण परत का आणलंत? सांगितलं. सतरावी कन्नडमध्ये सांगितली, निम्म्यावर न थांबता. त्या ओघात एकतिसावीही सांगायला गेलो, तर ती तिला माहीत होती. कन्नडमध्येही आहे म्हणे. माहेरी विहिरीवर रोज ऐकायची. तीस वर्षांच्या संसारात मला कधी बोलली नव्हती.

तिनं माझ्या काखेतला पट ओढून घेतला. मग म्हणाली, "हे हातात घेऊन ती माझ्या पाया पडली. आणि मी तिला आशीर्वाद दिला."

त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. उठून भिंतीवरचा पट काढला. सतरावीची सगळी कार्डं मी मागावरून सोडवून आणून तिच्यापुढे ठेवली. ती तिनं अंघोळीच्या बंबात घातली, दोन्ही पटही घातले. मी नको म्हणालो नाही. मी फार नीच माणूस आहे असं आज पहिल्यांदाच वाटलं, आणि ते लिहून ठेवतो, कारण उद्या मी सबबी काढणार हे मला माहीत आहे.

२१ जानेवारी, सोमवार

सबबी काढल्या नाहीत. तीन दिवस शोधल्या, चांगली मिळाली नाही.

भीमाशंकर सर माल बघायला आले. एकोणचाळीस पट घडी घालून तयार होते. त्यांनी मोजले आणि कपाळाला आठ्या घातल्या. सतरावी विणणार नाही, असं सांगितलं. सर म्हणाले, मडिवाळप्पा, तुम्हीसुद्धा? व्यासपीठावरच्या नावांची यादी छापायला जायचीय, विचार करा. म्हटलं, विचार झालाय, ती जागा मांडववाल्याला द्या. मग ते समजावण्याच्या सुरात आले. म्हण म्हणजे लोकांचं धन, तिला जात नसते, दोष ऐकणाऱ्याच्या मनात असतो. सगळी माझीच वाक्यं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकली तर काय बेचव लागली!

कारखान्यात ठेवलेला तिसरा पट मी काढला आणि त्यांच्या हातात दिला. "सर, तुमच्या शाळेत रोज मोठ्यानं म्हणायचीय ना? एकदा म्हणून दाखवा." आणि हाक मारली, "धर्मपाल, इकडे ये."

धर्मपाल येऊन समोर उभा राहिला. सरांनी चष्मा नीट केला. पटाकडे पाहिलं, धर्मपालकडे पाहिलं, पुन्हा पटाकडे.

"त्यात काय वाचायचं? मजकूर बरोबर आहे."

"वाचा की सर."

"अहो, असं माणसाच्या तोंडावर कसं..." म्हणाले आणि तिथेच थांबले. कानापर्यंत लाल झाले. भिंतीवर चालते, पोरांच्या तोंडी चालते, शालनबाईच्या तोंडी तर रोज हवी. आणि हे आमचे संस्कारवाले हेडमास्तर! मला हसावंसं वाटलं, पण बायकोपुढे कन्नडमध्ये अडलेला मी आठवला.

धर्मपालनं त्यांच्या हातातून पट घेतला. विणकऱ्यांना हात वर करून माग थांबवायला सांगितलं. मालक मी आहे, पण आठही माग थांबले. मग त्यानं दोन्ही हातांत पट धरला आणि म्हण वाचली. सातही शब्द, एकेक सुटा, शेवटच्या मागापर्यंत पोचेल अशा आवाजात. कोणी हसलं नाही. विणकरी खाली बघत होते.

"एवडंच हाय, सर," तो म्हणाला. "आता समद्यांनी आयकलं. भितीवर कशाला लावता?"

सर चहाला थांबले नाहीत. एकोणचाळीस पट उद्या हातगाडीनं जातील. सहावी ‘ब’ला काही जाणार नाही.